हिराकाकूची तीट

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा फोन आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं की नंबर चुकला नाही ना. माझं शिक्षण आठवी, आणि तेही अर्धंच. सहामाही दिली आणि मामाबरोबर केरळात त्रिचूरला गेलो, तो आजतागायत तिथंच आहे. संपादकबाई म्हणाल्या, तुम्ही बोलता तसं लिहा. बोलताना मी एक वाक्य तीनदा मागं घेतो, तसं लिहिलं तर अंक पुरणार नाही, अशी भीती मी घातली. त्या हसल्या आणि फोन ठेवला. तेव्हा आता जे होईल त्याला त्या जबाबदार.

मी चित्रं काढतो. माणसांची. डोंगर, समुद्र, फुलदाण्या मला जमत नाहीत. आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं मी त्रिचूरला बसून काढतो, आणि ती चित्रं तिकडचे लोक विकत घेऊन आपल्या घरात लावतात. ज्यांनी विटा कधी नकाशावरही बघितलं नाही, त्यांच्या दिवाणखान्यात आमच्या आळीतली माणसं कशी काय बसली आहेत, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कुणाला तरी एक दिवस कळेल की ह्या माणसाला चित्रकलेचं काही शिक्षण नाही, आणि सगळी चित्रं परत येतील, अशी धास्ती मला कायम असते. चित्र गेल्यावर महिनाभर मी फोन वाजला की दचकतो.

केरळात कसा गेलो हे सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडची माणसं गलाईला जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं काम. देशातल्या कुठल्याही सराफबाजारात जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं घाम गाळत बसलेला सापडेल. मामाचं असंच दुकान त्रिचूरला होतं. मी भट्टीचा भाता सांभाळायचो. भाषा येत नव्हती, बोलायला कोणी नाही. दुपारी दुकान थंडावलं की गावची माणसं आठवायची. मग भट्टीतला कोळसा घेऊन मागच्या भिंतीवर ती काढायचो. आई, शेजारचे सदाअण्णा, पाण्याला निघालेल्या बायका. तेवढीच सोबत.

एक दिवस मामानं भिंत बघितली. आता फटका बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा. मामा भिंतीजवळ गेला आणि म्हणाला, "आक्काचं नाक जरा मोठं झालंय." आक्का म्हणजे माझी आई. नंतर दुकानाला चुना काढला तेव्हा त्यानं ती एक भिंत सोडून बाकीच्या तीन रंगवून घेतल्या. गल्लीच्या टोकाला जोसेफ मास्तर राहायचे. ते चर्चमधली चित्रं आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे. मामा मला स्वतः त्यांच्याकडं घेऊन गेला. सकाळी भट्टी आणि दुपारनंतर मास्तर, असं माझं कॉलेज झालं. दोघंही आता नाहीत. कुणी मला कुठं शिकलात म्हणून विचारलं की मी नुसतं "त्रिचूरला" म्हणतो आणि विषय बदलतो. पण मनात त्या दोघांना नमस्कार करतो.

आता धंद्याचं थोडं. लोकांना वाटतं, चित्रकार माणूस समोर बसवून काढतो. मला ते झेपत नाही. समोर कोणी बसलं की त्याला कंटाळा आला असेल, पाणी हवं असेल, पायाला मुंग्या आल्या असतील, ह्याच काळजीत माझा हात आखडतो. म्हणून मी आठवणीतून काढतो. फोटोही घेत नाही. वर्षातून एकदा गावी येतो, विट्याच्या स्टँडवर नाहीतर आठवड्याच्या बाजारात जाऊन बसतो आणि नुसतं बघतो. चेहरा मी शेवटी बघतो. आधी माणूस बसतो कसा ते बघायचं. आमच्याकडचा म्हातारा उकिडवा बसला की कोपरं गुडघ्यावर टेकवतो आणि दोन्ही हात पुढं सोडून देतो, ओले कपडे वाळत घातल्यासारखे. बाजारातली बाई एक पाय दुमडून दुसरा उभा करते, कारण तिला कुठल्याही क्षणी उठायचं असतं. हे एकदा अंगात मुरलं की त्रिचूरला जाऊन महिन्यांनी काढलं तरी माणूस तोच येतो. लांब गेल्यावर फालतू गोष्टी गळून जातात. नको त्याही गळतात म्हणा, ते पुढं येईलच.

तरी गावी आलो की ऑर्डरी येतात. नाही म्हणायची मला सवय नाही. फलटणजवळचे एक बागायतदार आले. ऊस भरपूर, दारात ट्रॅक्टर, बैलजोडी विकून बरीच वर्षं झालेली. त्यांना त्या जोडीबरोबर स्वतःचं चित्र हवं होतं. बैलांचे फोटो त्यांनी पिशवी भरून आणले होते, स्वतःचा एकही धड नव्हता. म्हणाले, "आवं पेंटर, माझ्या तोंडाचं काय, जमंल तसं काढा. पन सर्जाचं डावं शिंग जरा भायेर वळतंय, तेवडं चुकू नका." मी चुकलो नाही. चित्र घेऊन गेलो तेव्हा अख्खं घर ओसरीवर जमलं. कुणी बैलाची पाठ बघतंय, कुणी वशिंड. बागायतदारांच्या बाईंनी सगळं निरखून निकाल दिला, की बैल आपलेच हायेत, पन ह्यो मानूस कोन? मला दरदरून घाम फुटला. बागायतदार मात्र खूश. त्यांनी त्याच दिवशी भिंतीला खिळा ठोकला.

दुसरे कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांना नवराबायकोचं जोडचित्र हवं होतं आणि समोर बसल्याशिवाय चित्र होत नाही असं त्यांचं ठाम मत. खुर्चीत ते असे ताठ बसले की श्वास घेताहेत का नाही कळेना. बाई मात्र टेकल्या की उठायच्या. दारात कोण आलं, गॅसवर काय आहे. सुभेदार वैतागले. म्हणाले, "एक मिन्ट सावधान बस की." बाई म्हणाल्या, "तुमी बसा सावधान. दूध उतू गेल्यावर बिनदुधाचा च्या कोन पिनार?" शेवटी मी त्यांना हात जोडले आणि घरी जाऊन आठवणीतून काढलं. सुभेदार ताठ, आणि बाई शेजारच्या खुर्चीच्या हातावर तळवा टेकवून अर्ध्या उठलेल्या. सुभेदारांनी विचारलं, ही बसलीय का उभी आहे? मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "बराबर काडलंय त्येंनी. लगीन झाल्यापास्नं मी आशीच हाय."

असे प्रसंग आठवले की बरं वाटतं. पण मला लिहायचंय ते सांगलीच्या प्रदर्शनाबद्दल.

इतकी वर्षं माझी चित्रं तिकडंच लागायची, आणि तीही चार जणांच्या प्रदर्शनात एका कोपऱ्यात. ज्यांची चित्रं, त्यांनी ती कधी बघितलीच नव्हती. सांगलीतल्या काही हौशी मंडळींनी पुढाकार घेतला आणि तीन दिवसांसाठी हॉल मिळाला. योगायोग असा की कोचीच्या एका गॅलरीच्या मालकीणबाई, मीनाक्षी मॅडम, त्याच सुमाराला पुण्याला यायच्या होत्या. त्या म्हणाल्या, शेवटच्या दिवशी मी सांगलीला येते, चित्रं एकत्र लागलेली बघते, आणि मग ठरवते. ठरवायचं काय, तर कोचीला फक्त माझ्या एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं की नाही. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. आणि वयाचा विचार करता पुन्हा कुणी विचारील असंही नव्हतं. त्यांचा जीव एका चित्रावर होता. फोटोत बघितल्यापासून त्या म्हणत होत्या, हे मधोमध लावायचं, बाकी सगळं ह्याच्या भोवती.

ते चित्र हिराकाकूचं. हिराकाकू आमच्या आळीत राहते. तिनं आळीतल्या झाडून सगळ्या बाळांना न्हाऊ घातलंय, मलासुद्धा. बाळंतिणीच्या घरी सकाळी जायचं, पाय पसरून बसायचं, बाळ नडगीवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मग शेगडीत ओवा-वेखंड टाकून धुरी द्यायची. आमच्या धाकट्या भावंडांच्या वेळी मी हे रोज बघितलेलं. चित्रात मी धुरीनंतरचा क्षण धरला होता. शेगडीचा धूर थोडा वर चढलाय, काकू वाकलीय, आणि पायावर बाळ, लालबुंद, रडून दमलेलं, आता झोपणार. सगळा उजेड त्या बाळाच्या गालावर.

तो गाल मला छळत होता. सांगलीत चित्रं उघडली तेव्हा मला तो मातकट वाटायला लागला. झालेल्या चित्राला हात लावू नये, हे जोसेफ मास्तरांनी शंभरदा बजावलेलं. पण काळजी एकदा डोक्यात शिरली की मला चैन पडत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी गाल खरवडला आणि नव्यानं रंगवला. आणि कसा कोण जाणे, तो असा साधला की मी स्वतःच बघत राहिलो. पुन्हा कुणी कर म्हटलं तर होणार नाही, असा. फक्त रंग ओला. तेलरंग जवसाच्या तेलात असतो, तो पाण्याच्या रंगासारखा तासाभरात वाळत नाही. जाड थर असेल तर आठवडा आठवडा आत मऊच राहतो. मी चित्राखाली चिठ्ठी लावली, कृपया हात लावू नये.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावचा टेम्पो आला. सदाअण्णा पुढं, मागं आळीतल्या बायका, आणि त्यांच्या मधोमध हिराकाकू. पाठीत वाकलेली, पण नजर अशी की सुईत दोरा स्वतः ओवते. चिठ्ठी त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत होती. पण ती परक्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

हॉलमध्ये एरवी लोक कुजबुजतात. आमची मंडळी आली आणि बाजार भरला. स्वतःला शोधायची झुंबड उडाली. एकीचं म्हणणं, मी असली साडी जन्मात नेसले नाही. दुसरीला तिची जाऊ आपल्यापेक्षा गोरी दिसली, त्याचा जाब मला विचारला. सदाअण्णा स्वतःच्या चित्रापुढं थांबले आणि मला हाक मारली.

"गड्या, मला अनवानी का काडलंस?"

मी म्हटलं, अण्णा, मला तुम्ही तसेच आठवता.

"तवा नव्हती चप्पल. आता हाय की." त्यांनी पाय पुढं करून दाखवला. "लोक म्हनतील, पोरगं मिल्ट्रीत आनि बाप अनवानी."

चप्पल काढतो असं मी त्यांना कबूल केलं. अजून काढलेली नाही. भेटले की विचारतात.

हिराकाकू मात्र फिरली नाही. ती सरळ आपल्या चित्रापुढं जाऊन उभी राहिली. मी जवळ गेलो. चांगलं झालंय असं तिनं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ह्या एका बाईनं मान डोलावली तर कोचीबिची काही नको, असं त्या घटकेला वाटत होतं.

तिनं आधी स्वतःला बघितलं. एवढी काळी काढलीस व्हय, म्हणाली, पण रागानं नाही. मग पाय बघितले, बाळाच्या मानेखालचा हात बघितला, शेगडी बघितली. धूर बराबर हाय, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "ह्यो कुनाचा?"

"कोण?"

"ह्ये पोरगं. कुनाचं हाय? सुलीचं का थोरल्या वैनीचं?"

मी म्हटलं, "कुणाचंच नाही, काकू. मनातलंच आहे."

काकू माझ्याकडं वळली. "म्हंजी आई न्हाई ह्याला?"

"तसं नाही. चित्र आहे ते."

"आनि बाप?"

बायका भोवती गोळा झाल्या होत्या. काकू त्यांना म्हणाली, "बगा गं. गावातल्या समद्यांच्या घरची लेकरं ह्या पायावर घेटली, आनि ह्यानं माझ्या पायावर बिनवारशी पोरगं आनून ठिवलं."

बायका हसल्या, मीही हसलो. काकू हसली नाही. ती पुन्हा बाळाकडं बघत राहिली. मग म्हणाली, तीट कुठाय?

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतात, ती तीट. मी तिला समजावलं की धुरी आत्ताच झालीय, तीट अजून लावायची आहे, मधला क्षण आहे हा. खरं सांगायचं तर गालावर सगळा उजेड हवा म्हणून मला तीट नकोच होती. आणि त्याहून खरं म्हणजे, काढताना ती मला आठवलीच नव्हती.

"कवा लावायची मग?" काकूनं विचारलं. "काल सकाळधरनं हितं बसीवलंय त्याला. किती लोक बगून गेलं?"

"पुष्कळ, काकू. बघायलाच तर येतात."

"त्येच म्हंते मी. येनारा-जानारा परत्येकजन बगतोय. घरचं कोन न्हाई. आनि गालाला बोट न्हाई." 

असं म्हणत तिनं कनवटीला हात घातला. बाळंतिणीच्या घरी जाणारी बाई ती, काजळाची डबी तिच्याजवळ कायम असते. झाकण निघालं, बोट बुडालं, आणि मी "काकू, ओलं आहे" म्हणेपर्यंत बोट बाळाच्या गालावर टेकलंही होतं. हलकं नव्हे. खऱ्या बाळाला लावतात तसं, जरा दाबून, थोडं फिरवून.

बोट तिनं उचललं तेव्हा त्याला गुलाबी रंग लागला होता. तो तिनं पदराला पुसला. "आजून कच्चंच हाय की रं," म्हणाली. बायका म्हणाल्या, बरं केलंस काकू.

मी जवळ जाऊन बघितलं. कानाच्या थोडं पुढं, उजेड सगळ्यात जास्त होता तिथं, हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा ठिपका, आणि त्यात तिच्या बोटाच्या रेषासुद्धा उमटलेल्या. काजळ म्हणजे एरंडेलाच्या दिव्याची काजळी आणि तूप. आमच्या नळीतला काळा रंग तरी काय असतो, काजळी आणि तेलच. दोघांची लगेच गट्टी जमली. वाळलेल्या चित्रावरून डाग टिपून घेता येतो. इथं पुसायला गेलो तर तिटेबरोबर अख्खा गाल फडक्यावर येणार, आणि तो गाल मला पुन्हा जमणार नव्हता.

काकूनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. जाता जाता म्हणाली, "पुसलीस तर तुझ्या आईला सांगंन." माझ्या डोक्यावर आता मोजकेच काळे केस आहेत. तरीही मी हातातलं फडकं पाठीमागं लपवलं.

टेम्पो गेला, पण काकू माधवनगरला लेकीकडं राहिली. उद्या पुन्हा बघायला येते, म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता.

उद्या सकाळी मीनाक्षी मॅडम येणार. मग मी जे नेहमी करतो तेच केलं. दिसेल त्याला विचारत सुटलो. प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, ताबडतोब पुसा, चित्राचं वाटोळं झालंय. हॉलच्या वॉचमननं चित्र लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि राहू द्या म्हणाला, बाळ आता बाळासारखं दिसतंय. त्रिचूरला बायकोला फोन केला. ती म्हणाली, मॅडमना विचारा. भावाला विचारलं, तो म्हणाला, काकूला दुखवू नको. सगळ्यांचं ऐकल्यावर मी जिथं होतो तिथंच होतो. हॉल बंद व्हायच्या आधी मी पातळ सुरी हातात घेऊन चित्रापुढं उभा राहिलो. ठिपका खरवडून तेवढाच गाल भरता येईल का बघावं म्हटलं. सुरी टेकवली नाही. तशीच परत ठेवली.

सकाळी मॅडम आल्या. आमचं बोलणं मल्याळममध्ये चालतं. कमी बोलणाऱ्या, सुती साडी, चष्मा गळ्यात अडकवलेला. एकेक चित्र त्यांनी शांतपणे बघितलं. सुरुवातीपासून मी त्यांच्या एक पाऊल मागं. मधल्या चित्रापाशी त्या थांबल्या, चष्मा लावला, वाकल्या.

"हे फोटोत नव्हतं."

मी सांगायला लागलो. कालचा टेम्पो, ओला रंग, माझी चूक, मी पुसणारच होतो, पण गाल. वाक्य काही संपेना. तेवढ्यात हिराकाकू दारातून आत आली, नातवाच्या मोटारसायकलवरून उतरून थेट. तिनं आधी गाल बघितला. तीट जागेवर होती. मग मॅडमकडं बघून मला विचारलं, ही कोन?

मी दोघींच्या मधे उभा. एकीला मराठीत सांग, दुसरीला मल्याळममध्ये. मॅडम समजुतीनं म्हणाल्या की ह्यांना सांगा, आमच्याकडंही लहान बाळांना असा ठिपका लावतात, मलाही लावलेला आहे. पण तो बाळाला लावतात, चित्राला नाही.

मी ते काकूला सांगितलं. काकू विचार करून म्हणाली, "मग हिच्याकडं चित्राला कोन बगत न्हाई व्हय?"

हे मल्याळममध्ये सांगताना माझी जीभ अडखळली. गॅलरी चालवणाऱ्या बाईला असं कसं म्हणायचं? पण सांगितलं. मॅडम पुन्हा चित्राकडं वळल्या, आणि चष्मा काढून लांबून बघत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. म्हणाल्या, चित्राखाली एकच नाव लागतं, तुझं. खराब झालेलं चित्र मी लावत नाही. तेव्हा तू मला एकच सांग, हा डाग आहे की हे तुझ्या चित्रातलं आहे? डाग असेल तर आमच्याकडं साफ करणारा माणूस आहे. गाल गेला तर जाईल, तू परत रंगव. चित्रातलं असेल तर आहे तसं नेते. दोन्ही चालेल. पण मला विचारू नकोस. तू सांग.

मी सवयीनं म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

"मी काय म्हणाले?"

मी इकडंतिकडं बघितलं. वॉचमन दारात. प्रदर्शनवाले गृहस्थ मानेनं खुणावत होते, पुसा पुसा. काकूचं आमच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. भाषा कळत नव्हतीच. ती चित्रापुढं उभी राहून, न्हालेल्या बाळाशी बोलतात तसं काहीतरी पुटपुटत होती, अगं बाई, झोप आली, झोप आली. बाळाशीच बोलत होती. माझ्याशी नाही, मॅडमशी नाही.

ते बघताना मला एक कळलं. मी गाल रंगवला तो उजेडाचा गाल होता. ते बाळ मी कुणाचंच काढलं नव्हतं, कारण माझ्या दृष्टीनं ती उजेड पडायची जागा होती. आता तिथं एक बाळ होतं. कुणीतरी त्याची काळजी केली होती.

"चित्रातलं आहे," मी म्हटलं. आणि माझ्याच कानांना खरं वाटेना म्हणून पुन्हा म्हटलं, "चित्र पूर्ण झालंय."

"मग सही कर," मॅडम म्हणाल्या. "सही कुठाय?"

सही नव्हती. चित्र हातातून जाईपर्यंत मी सही करत नाही. सही केली की मागं फिरता येत नाही, त्याची मला भीती वाटते. मी बारीक ब्रश घेतला, तपकिरी रंग पातळ केला आणि गुडघ्यावर बसून खालच्या कोपऱ्यात नाव लिहिलं, मराठीत.

काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "काय लिवलंस?"

"नाव, काकू."

"कुनाचं?"

"माझं."

काकूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ब्येस झालं," म्हणाली. "बापाचं नाव लागलं. आता न्हे म्हनावं तिला कुटं न्ह्यायचं तितं."

मॅडमनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

ते मल्याळममध्ये कसं सांगायचं ते सुचेना. डोळे पुसत एवढंच म्हटलं, चित्र न्यायला त्यांची हरकत नाही.